नीलकंठ भट्ट : धर्मशास्त्री आणि घोड्याचा फेरा

शिवराज्याभिषेकामुळे गागाभट्टांचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले. त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ नीलकंठ भट्ट कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. आपण आज त्यांना बुद्धिबळाच्या निमित्ताने आठवू.

हे घराणे मूळचे पैठणचे. पणजोबा रामेश्वरभट्ट काशीला गेले आणि पुढच्या पिढ्या तिथेच नांदल्या. नीलकंठांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लेखन केले. चंबळ-यमुना संगमाजवळच्या भरेहचे राजे भगवंतदेव हे त्यांचे आश्रयदाते. आपल्या महूजवळ उगम पावणारी तीच ही चंबळ.

राजाच्या नावावरून नीलकंठांनी ‘भगवंतभास्कर’ हा ग्रंथ रचला. त्याचे १२ भाग म्हणजे १२ मयूख, अर्थात सूर्याचे किरण. त्यांतला ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात वारसाहक्काचा प्रमाणग्रंथ ठरला. बहिणीला वारसांत मानाचे स्थान देणारा हा ग्रंथ पुढे भारतरत्न पां. वा. काणे यांनी संपादित केला.

राजनीती सांगणाऱ्या ‘नीतिमयूखा’त मात्र बुद्धिबळ भेटते. इथे नीलकंठांनी घोड्याचा फेरा श्लोकांत नोंदवून ठेवला आहे. घोड्याने अडीच घरांच्या चालीने पटावरच्या ६४ही घरांत प्रत्येकी एकदाच जायचे, हे ते कोडे. ऐकायला सोपे, पण मध्यावरून घोड्याला आठ वाटा असतात आणि कोपऱ्यातून दोनच. कोपऱ्यांकडे सुरुवातीपासून लक्ष दिले नाही, तर शेवटी एखादे घर हाती लागत नाही. युरोपात गणिती ऑयलर यांनी अठराव्या शतकात याच कोड्याचा अभ्यास केला.

धर्मशास्त्राच्या ग्रंथात खेळ कशाला, असे वाटेल. पण राजाने पुढची चाल आधी पाहावी, ही नीतीच आहे. शिवाय त्या काळी रंगलेले कितीतरी डाव खेळणाऱ्यांबरोबरच गेले. लिहिलेला फेरा मात्र उरला आणि हॅरल्ड मरे यांच्या १९१३ च्या बुद्धिबळाच्या इतिहासापर्यंत पोहोचला.

पैठण सुटले तरी या घराण्याची विद्या सुटली नाही, कारण प्रत्येक पिढीने लिहून ठेवले. आपणही महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहोत. सुटीत मुलांना पटावर एकच घोडा देऊ या, आणि गेलेल्या घरांचे आकडे त्यांच्याकडून वहीत क्रमाने लिहून घेऊ या.