जेम्स ग्रँट डफ

जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफ (८ जुलै, १७८९: बॅन्फ, स्कॉटलंड - २३ सप्टेंबर, १८५८) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, साताऱ्यातील कंपनीचे राजकीय प्रतिनिधी आणि इतिहासकार होते. १८२६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा तीन खंडांतील इंग्रजी ग्रंथ हा मराठ्यांचा पहिला विस्तृत, साधनांवर आधारलेला सलग इतिहास मानला जातो. ज्या युद्धाने पेशवाईचा शेवट झाला, त्यात विजेत्यांच्या बाजूने भाग घेतलेल्या अधिकाऱ्याने तो लिहिला आहे. पुढे त्याच्या खंडनातूनच मराठी इतिहाससंशोधनाला मोठी चालना मिळाली.

प्रारंभिक जीवन

त्यांचे मूळ नाव जेम्स ग्रँट. वडील जॉन ग्रँट यांचे १७९९ च्या सुमारास निधन झाल्यावर आई मार्गारेट यांनी ॲबरडीन येथे बिऱ्हाड हलवले. जेम्स यांचे शिक्षण तेथील शाळेत व मॅरिशल कॉलेजात झाले. कंपनीच्या मुलकी नोकरीत जाण्याचा त्यांचा विचार होता. परंतु जागा मिळण्यास विलंब होईल असे दिसल्याने त्यांनी १८०५ साली लष्करातील कॅडेटची जागा पत्करली व ते मुंबईस आले. १८०८ साली काठेवाडातील मालिया या गढीवरील हल्ल्यात त्यांनी शौर्य गाजवले. पलटणीत ते लवकरच ॲडज्युटंट व फारसीचे दुभाषी झाले.

पुण्यातील कारकीर्द

पुण्याचे रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ग्रँट यांची हुशारी हेरून त्यांना आपले साहाय्यक नेमले. दोघांचा स्नेह आयुष्यभर टिकला. ५ नोव्हेंबर, १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि संगमावरील रेसिडेन्सी जाळली गेली. त्यानंतर दुसऱ्या बाजीरावाविरुद्धच्या मोहिमेत ग्रँट यांनी लष्करी व मुलकी अशी दोन्ही प्रकारची कामे केली.

साताऱ्यातील कारकीर्द

फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. बाजीरावाबरोबर असलेले छत्रपती प्रतापसिंह या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती आले. पेशव्याचे राज्य घेऊन छत्रपतींसाठी लहानसे राज्य राखावे आणि त्यायोगे मराठा सरदारांचे मन वळवावे, असे कंपनीचे धोरण होते. हे धोरण अमलात आणण्याचे काम एप्रिल १८१८ मध्ये ग्रँट यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. बाळाजीपंत नातू हे साताऱ्यात त्यांचे साहाय्यक होते.

२५ सप्टेंबर, १८१९ च्या तहाने सातारा राज्याच्या सीमा व कंपनीशी असलेले संबंध ठरले. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे इत्यादी जहागीरदारांशीही १८२० मध्ये करार झाले. आरंभी राज्याचा कारभार ग्रँट स्वतःच पाहत असत. हिशेब, न्यायदान व वसुली यांची घडी बसवताना त्यांनी तरुण प्रतापसिंहांना कारभाराचे शिक्षण दिले आणि १८२२ मध्ये अधिकार त्यांच्या स्वाधीन केले. मात्र तहाने परराज्यांशी संबंध ठेवण्यावर कडक बंधने घातली असल्याने हे स्वातंत्र्य मर्यादित होते. पुढे १८३९ साली कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठवले आणि १८४८ मध्ये राज्यही खालसा केले.

मराठ्यांचा इतिहास

इतिहासाच्या साधनांचा संग्रह ग्रँट यांनी साताऱ्यातच केला. पराभूत राज्याचे दप्तर आता विजेत्यांच्या ताब्यात होते आणि जहागीरदार, देवस्थाने व जुनी घराणी आपापले कागद त्यांना दाखवीत होती. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर, खाफीखानाचा फारसी इतिहास आणि सुरत व मुंबई येथील इंग्रज वखारींचे कागद यांचा त्यांनी उपयोग केला. परस्परविरोधी वृत्तान्त ताडून पाहणे आणि आधार तळटीपेत देणे ही पद्धत बखरींहून वेगळी होती.

कामाच्या ताणाने प्रकृती ढासळल्याने १८२३ मध्ये ते मायदेशी परतले आणि तेथे त्यांनी ग्रंथ पुरा केला. महाराष्ट्राच्या भूवर्णनापासून १८१८ च्या राज्यक्रांतीपर्यंतचा वृत्तान्त त्यात आला आहे. कॅप्टन डेव्हिड केपन यांनी बाबा साने यांच्या साहाय्याने केलेले त्याचे मराठी भाषांतर १८३० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. ते शाळांतून वाचले जाऊ लागल्याने मराठी मुलांच्या एका पिढीला आपल्या पूर्वजांचा इतिहास एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीने शिकावा लागला.

टीका

ग्रँट डफ यांनी मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रीतील वाळक्या गवताला लागणाऱ्या वणव्याची उपमा दिली होती. अफझलखानाच्या वधाचा दोषही त्यांनी शिवाजी महाराजांवर ठेवला. ही मते महाराष्ट्रात मान्य होणे शक्य नव्हते. डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यांच्या ग्रंथावर लिहिलेली टीका १८६८ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' मासिकात प्रसिद्ध झाली. लढाया व राजकारणापलीकडे लोकस्थिती आणि राज्यव्यवस्था यांचे वर्णन ग्रंथात अपुरे आहे, असा त्यांचा आक्षेप होता. वापरलेल्या कागदांच्या प्रती मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे ग्रँट डफ यांनी नमूद केले होते. त्या पुढे मिळेनाशा झाल्याने कागद जाळून टाकल्याचा प्रवादही पसरला.

या टीकेनंतर मूळ कागद शोधून छापण्याच्या कामास वेग आला. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' मासिक सुरू झाले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, मराठी सत्तेचा उदय हा आकस्मिक नसून त्यामागे दीर्घ सामाजिक व धार्मिक जागृती होती, असे प्रतिपादन केले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रकाशित केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातील पत्रांच्या आधारे ग्रँट डफ यांच्या अनेक चुका दाखवल्या.

उत्तरायुष्य

१८२५ च्या सुमारास ईडन येथील मालमत्ता वारशाने मिळाल्यावर त्यांनी डफ हे नाव जोडले. वैद्यक व औषधिविषयक लेखक सर व्हाइटलॉ एन्स्ली यांची कन्या जेन कॅथरीन या त्यांच्या पत्नी होत. १८५० मध्ये पत्नीला माहेरची मालमत्ता मिळाल्यावर त्यांच्या नावात कनिंगहॅम हे नाव जोडले गेले. एल्फिन्स्टन यांच्यावरून नाव ठेवलेले त्यांचे पुत्र माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ हे १८८१ ते १८८६ या काळात मद्रासचे गव्हर्नर होते.

मूल्यमापन

ग्रँट डफ यांचे अनेक निष्कर्ष आज ग्राह्य मानले जात नाहीत. समकालीन मराठी पत्रव्यवहाराचा फार मोठा भाग त्यांनी पाहिलेला नव्हता आणि कंपनीचा विजय हा त्यांच्या कथनाचा स्वाभाविक शेवट होता. तथापि घटनांची सलग मांडणी आणि आधार देण्याची शिस्त त्यांच्या ग्रंथामुळे मराठ्यांच्या इतिहासलेखनात आली. त्यांचे खंडन करणाऱ्यांनाही पुराव्याला पुराव्यानेच उत्तर द्यावे लागले. इतिहासकार अ. रा. कुलकर्णी यांनी ग्रँट डफ यांच्या जीवनाचा व लेखनाचा स्वतंत्र ग्रंथात अभ्यास केला आहे.