ज्या पट्ट्यांच्या भरवशावर लोक विमानातून उडी मारतात, त्यांचं नायलॉन शोधणारा माणूस

विमानातून उडी मारणाऱ्याचा जीव पॅराशूटवर असतो, असं आपण म्हणतो. पण वरचं कापड आणि खालचा माणूस यांना जोडणारी आणखी एक गोष्ट असते. खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांभोवती आवळलेल्या पट्ट्या. या सगळ्या बांधणीला हार्नेस म्हणतात आणि पट्ट्यांना वेबिंग. जुन्या पलंगांना नवार असायची ना, तिचीच ही कैक पटींनी दणकट बहीण समजा.

ही वेबिंग बहुतेक करून नायलॉनची असते. नायलॉन आपल्याही इतकं अंगवळणी पडलंय की आपण साबुदाण्याला नायलॉन साबुदाणा म्हणतो आणि पोह्यांना नायलॉन पोहे. हे नायलॉन ज्यांच्या प्रयोगशाळेत जन्माला आलं, त्यांचं नाव वॉलेस ह्यूम कॅरदर्स.

कॅरदर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावचा. चार भावंडांत ते थोरले. वडील कॉमर्स कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे पोराने आधी हिशेबनिशीचा कोर्स केला. मग १९१५ मध्ये मिसुरीतल्या टार्किओ कॉलेजात नाव घातलं आणि तिथे रसायनशास्त्राची गोडी लागली. ती इतकी, की रसायनशास्त्राचे प्राध्यापक कॉलेज सोडून गेले तेव्हा तो विषय शिकवायला विद्यार्थी असलेल्या कॅरदर्सनाच उभं केलं गेलं.

पुढे इलिनॉय विद्यापीठातून १९२४ मध्ये पीएचडी झाली आणि १९२६ मध्ये थेट हार्वर्डमध्ये शिकवायची संधी मिळाली. पण शिकवण्यात त्यांचं मन रमत नव्हतं. स्वभाव अबोल, चारचौघांत बोलायचं म्हणजे संकट.

त्याच सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीने ठरवलं की लगेच पैसा देणारं नाही, तर मुळातलं संशोधन करायचं. त्यासाठी त्यांना कॅरदर्स हवे होते. कॅरदर्सनी आढेवेढे घेतले. आपल्याला अधूनमधून मनाचा आजार ग्रासतो आणि तेव्हा काम होत नाही, हे त्यांनी कंपनीपासून लपवलं नाही. तरी कंपनी मागे हटली नाही. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये एक वाद पेटला होता. रबर, रेशीम यांसारखे पदार्थ म्हणजे छोट्या रेणूंचे पुंजके, की खरोखरच लांबलचक साखळ्या? कॅरदर्सनी ठरवलं की साधे रेणू एकेक करून जोडायचे आणि साखळी स्वतः बनवूनच दाखवायची.

एप्रिल १९३० मध्ये एकाच महिन्यात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. त्यांच्या गटातल्या अर्नोल्ड कॉलिन्स यांच्या हाती कृत्रिम रबर लागलं, तेच पुढे निओप्रीन म्हणून विकलं गेलं. आणि ज्युलियन हिल यांनी पॉलिएस्टरच्या वितळलेल्या गोळ्यातून धागा ओढून काढला. हा धागा थंड झाल्यावर पुन्हा ताणला की तो लांब तर व्हायचाच, पण कमकुवत होण्याऐवजी आणखी मजबूत व्हायचा. कारण ताणल्यावर आतल्या विस्कटलेल्या साखळ्या एका दिशेला रांगेत येतात. हार्नेसच्या पट्टीतली ताकद आजही याच युक्तीतून येते.

पण हे पॉलिएस्टर गरम पाण्यातही तग धरेना. त्याचे कपडे कोण धुणार? मग साखळीचे दुवेच बदलून पाहिले. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी सहा कार्बनची दोन रसायनं जोडून एक पदार्थ तयार झाला. तोच नायलॉन ६,६. याच्या शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात, म्हणून तो उष्णतेत टिकतो आणि ताण सहन करतो.

१९३६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने त्यांना सदस्य करून घेतलं. त्याच वर्षी लग्न झालं. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं झकास दिसत होतं. आतून मात्र माणूस ढासळत होता. आपल्या डोक्यात आता नवं काही उरलेलं नाही, आपण शास्त्रज्ञ म्हणून फसलो, असं त्यांना खात्रीने वाटू लागलं होतं. रुग्णालयात उपचार झाले, पण नैराश्यावर आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. जानेवारी १९३७ मध्ये लाडकी बहीण इसोबेल न्यूमोनियाने गेली. २९ एप्रिल १९३७ रोजी, एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, कॅरदर्सनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांची मुलगी त्यानंतर सात महिन्यांनी जन्मली.

(मनावर असं ओझं असेल तर आज आपल्याकडे टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.)

ऑक्टोबर १९३८ मध्ये कंपनीने जगाला नायलॉनची ओळख करून दिली. मे १९४० मध्ये नायलॉनचे स्टॉकिंग अमेरिकाभर विक्रीला आले आणि दुकानांसमोर झुंबड उडाली. मग महायुद्ध आलं. पॅराशूटचं रेशीम यायचं जपानहून, आणि आता जपानच शत्रू. त्यामुळे स्टॉकिंगचं नायलॉन पॅराशूटकडे वळलं. ६ जून १९४२ रोजी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड इथे ॲडेलिन ग्रे या तरुणीने नायलॉनच्या पॅराशूटने पहिली मानवी उडी मारून दाखवली.

कापडापाठोपाठ पट्ट्याही बदलल्या. आधी त्या सुती किंवा लिननच्या असत. ओल लागली की बुरशी धरायची, पट्टी कुजायची. नायलॉन कुजत नाही. शिवाय पॅराशूट उघडताना जो हिसका बसतो, त्यात ते थोडं ताणलं जातं आणि हिसक्याचा काही भाग स्वतःच पिऊन टाकतं. अजिबात न ताणणारी पट्टी तो सगळा हिसका माणसाच्या अंगावर टाकेल.

अमेरिकी लष्कराच्या मानकांमध्ये या पट्ट्यांना नंबर आहेत आणि स्कायडायव्हिंगवाले आजही त्याच नंबरांनी बोलतात.

टाइप ७ : सुमारे ४४ मिलिमीटर रुंद, सुमारे २,७०० किलोचा ताण सोसणारी. हार्नेसचे मुख्य पट्टे आणि मांड्यांचे पट्टे हिचे असतात.

टाइप १३ : रुंदी तीच, ताकद सुमारे ३,२०० किलो. जिथे भार जास्त, तिथे ही.

टाइप ८ : रुंदी तीच, पण पातळ. ताकद सुमारे १,८०० किलो. हार्नेसपासून पॅराशूटच्या दोऱ्यांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्यांना, म्हणजे रायझरना, वापरतात.

टाइप १७ : फक्त एक इंच रुंद, सुमारे १,१०० किलो. छातीचा पट्टा आणि बारीक रायझर यांसाठी.

माणूस ऐंशी किलोचा, मग इतकी ताकद कशाला? कारण हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. शिवाय पट्टीला भोक पाडलं, ती घासली किंवा उन्हात पडून राहिली की ताकद घटत जाते. बॅटरीचं ॲसिड लागलं तर वरून धडधाकट दिसणारी पट्टीही आतून खलास झालेली असू शकते. म्हणून जाणकार पट्टीच्या नुसत्या दिसण्यावर कधीच विश्वास ठेवत नाहीत. ठरावीक काळाने ती तपासतातच.

कॅरदर्सना नायलॉनचा एकही स्टॉकिंग दुकानात दिसला नाही, की एकही पॅराशूट आभाळात. आपल्या हातून काही झालं नाही, असं समजून ते गेले. आज कुठलाही स्कायडायव्हर दारातून स्वतःला झोकून देतो, तेव्हा त्याला धरून ठेवणारा धागा त्यांच्याच प्रयोगशाळेतून आलेला असतो.