ठाकूर जगमोहनसिंह आणि नायकाच्या निद्रेतील प्रणयकथा

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि छत्तीसगडावरील भोसल्यांचा अंमल संपला. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट १८५७ मध्ये, विजयराघवगढच्या राजघराण्यात ठाकूर जगमोहनसिंह यांचा जन्म झाला. हे संस्थान आजच्या कटनी जिल्ह्यात पडते. पिता ठाकूर सरजूप्रसादसिंह त्या वर्षीच्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. परिणामी संस्थान जप्त झाले आणि मुलाला पितृछत्र लाभले नाही. ज्या सरकारने राज्य हिरावले त्याच सरकारच्या देखरेखीखाली हा मुलगा वाढला. पुढे त्याच सरकारची त्याने चाकरी केली. ज्याचे घर गेले आहे अशा पुरुषाचे मन त्यांच्या वाङ्मयात पुन्हा पुन्हा बोलताना दिसते. त्याचे मूळ येथे असावे.

१८६६ च्या सुमारास शिक्षणासाठी त्यांना काशीच्या वॉर्ड्स इन्स्टिट्यूशनमध्ये ठेवण्यात आले. तेथील सुमारे बारा वर्षांच्या मुक्कामात संस्कृत, इंग्रजी, हिंदी यांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले आणि भारतेंदु हरिश्चंद्रांचा स्नेह संपादन केला. कालिदासाचे ऋतुसंहार, कुमारसंभव आणि मेघदूत त्यांनी हिंदीत आणले. इंग्रजीतून त्यांनी निवडलेले काव्य मात्र विशेष अर्थपूर्ण आहे. बायरनचे शिलाँच्या बंदिवानावरील हे काव्य स्वतः बंदिवानाच्या तोंडून सांगितलेले आहे आणि त्या बंदिवानाचा पिता आपल्या श्रद्धेपायी प्राणास मुकलेला आहे. बंडखोर राजाच्या मुलाला या कथेत केवळ इंग्रजी काव्याचे सौंदर्य दिसले असेल, असे मानणे कठीण आहे.

मेघदूताची रचनाही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. रामगिरीवर हद्दपार झालेला यक्ष बोलतो. अलकेतील त्याची प्रिया मात्र एक शब्दही उच्चारीत नाही. तिचे कृश शरीर, तिचे दिवस मोजणे, वीणा मांडीवर घेऊन सूर विसरणे, हे सारे यक्षाने कल्पिलेले आहे. विरहिणीचे एवढे सूक्ष्म चित्र असलेल्या या काव्यात विरहिणी वाचकाला प्रत्यक्ष कोठेच भेटत नाही. (हा रामगिरी नागपूरजवळचा रामटेक की सरगुजातील रामगढ, हा वाद येथे गौण आहे; दोन्ही स्थाने जगमोहनसिंहांच्या नोकरीच्या मुलखापासून फार दूर नव्हेत.)

१८८० साली ते रायपूर जिल्ह्यातील धमतरी येथे तहसीलदार म्हणून आले आणि १८८२ मध्ये त्यांची बदली शिवरीनारायणला झाली. महानदीकाठचे हे तीर्थक्षेत्र त्या वेळी बिलासपूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठाणे होते. येथे त्यांच्याभोवती मालिकराम भोगहा यांच्यासारख्या स्थानिक लेखकांचे एक मंडळ जमले. तहसीलदाराची कचेरी म्हणजे सारा, फिर्यादी, पंचनामे आणि पंचक्रोशीतील भांडणे. परंतु कचेरीबाहेरचे शिवरीनारायण त्यांच्या लेखणीने अधिक आस्थेने टिपले. गावातील आठ सज्जनांवर त्यांनी ‘सज्जनाष्टक’ रचले. १८८५ साली महानदीच्या महापुराने गाव उद्ध्वस्त झाले, त्यावर ‘प्रलय’ हे काव्य लिहिले. अधिकाऱ्याने पूरग्रस्त गावाचा अहवाल पाठवावा हे ठरलेलेच. त्याने त्यावर काव्यही लिहावे हे विरळा.

याच वर्षांतील त्यांच्या ग्रंथांच्या नावांत एक नाव सतत येते. ‘श्यामालता’, ‘श्यामासरोजिनी’ आणि अखेर १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘श्यामास्वप्न’. ही श्यामा शिवरीनारायणमधील कोणी प्रत्यक्ष स्त्री होती, अशी समजूत हिंदी अभ्यासकांत रूढ आहे. चरित्रकाराने त्यापुढे जाण्याचे कारण नाही. ग्रंथात जी श्यामा आहे ती पुरेशी आहे.

‘श्यामास्वप्न’ला लेखकाने गद्यप्रधान कल्पना म्हटले आहे. रात्रीच्या चार प्रहरांत पडलेली स्वप्ने असे तिचे चार भाग आहेत. गद्य खडी बोलीत, त्यात ब्रजभाषेतील पद्ये विखुरलेली, आणि विंध्य व दंडकारण्याच्या वर्णनांत बाणभट्टाच्या दीर्घ समासांची सावली. या निसर्गवर्णनांचे महत्त्व रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून नोंदविले आहे. कथा तशी थोडकी आहे. श्यामा ब्राह्मणकन्या आणि तिचा प्रियकर श्यामसुंदर क्षत्रिय. स्वप्न पाहणारा कमलाकांत हाही श्यामेचा अनुरागी, आणि श्यामा आपली प्रीतिकथा त्यालाच सांगते. क्षत्रिय कुळातील सरकारी अधिकाऱ्याने १८८८ साली ब्राह्मण मुलीच्या प्रेमाची कथा स्वतःच्या नावाने छापावी, यातील धाडस लहान नव्हते. स्वप्नाचे आवरण त्याने त्यासाठीच घेतले असेल काय? अंशतः खरे असेल. पण स्वप्नाचे काम तेवढ्यावर संपत नाही.

मराठीने ज्या ग्रंथावरून या वाङ्मयप्रकाराचे नाव घेतले त्या बाणाच्या कादंबरीत एक विलक्षण योजना आहे. महाश्वेता आपले दुःख चंद्रापीडाला स्वमुखाने सांगते. आणि ही सर्व कथा शेवटी ज्या शूद्रक राजाला पोपट ऐकवितो, तो राजाच पूर्वजन्मीचा चंद्रापीड निघतो. नायक आपलीच प्रणयकथा परक्याची म्हणून ऐकत बसलेला असतो. ‘श्यामास्वप्ना’तील कमलाकांताची स्थिती हीच आहे. श्यामसुंदर आणि कमलाकांत ही एकाच मनाची दोन रूपे मानली, तर जुन्या प्रणयकथेची जगमोहनसिंहांनी केलेली पुनर्रचना स्पष्ट होते. यक्षाची प्रिया मुकी होती. त्यांनी नायिकेला वाणी दिली. मात्र ती वाणी उमटते नायकाच्या निद्रेत. तो जागा होताच तिला बोलण्यास जागा उरत नाही. श्यामेचे आर्जव, तिचा संकोच, तिचे अभिसार रीतिकाव्यातील नायिकेच्या साच्यातून बाहेर पडत नाहीत, आणि ग्रंथाची मर्यादा येथे जाणवते. त्या श्यामेला पुरुषाने जसे स्मरले तसेच ती बोलते.

ही मर्यादा पाहताना त्याच काळातील मराठीचे उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू करून ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः छापण्यास प्रारंभ केला आणि कथनाची सूत्रे सरळ यमूच्या हाती दिली. त्यानंतर ‘मी’ या कादंबरीत पुरुष-नायकाला स्वतःची कथा सांगू दिली. स्त्रीचे आत्मकथन आणि पुरुषाचे आत्मकथन असे दोन स्वतंत्र ग्रंथ आपट्यांनी केले. जगमोहनसिंहांनी पहिले दुसऱ्याच्या पोटात घातले. आपट्यांचा मार्ग वास्तवाचा होता व तो पुढे रुळला. तरीही आपण सांगतो ती स्त्री आपल्याच मनाने घडविलेली आहे, याची कबुली ‘श्यामास्वप्न’ आपल्या शीर्षकातच देते. यमूच्या निर्मात्याला ती द्यावी लागली नाही.

पुढे जगमोहनसिंहांना बढती मिळाली. उत्तरायुष्यात काही काळ ते काशीतील सहाध्यायी असलेल्या कूचबिहारच्या महाराजांकडे होते. ४ मार्च १८९९ रोजी, वयाची बेचाळीस वर्षे पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच, जानेवारी १९०० मध्ये, माधवराव सप्रे या मराठीभाषी तरुणाने पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि ते छापून घेतले रायपुरात.