विश्वेश्वरय्या आणि आमच्या रानातला गाळाचा पंखा

मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीचा. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे. मोठा पाऊस झाला की तिथली ओघळ दगड-मुरूम घेऊन खाली येते आणि रानात पसरते. गेल्या पावसाळ्यात आप्पांनी ओघळीच्या तोंडाशीच मातीचा बांध घातला. एका पावसात तो गाळाने भरला आणि दगड पुन्हा पिकात!

मी घराच्या गच्चीवरून मोबाईलवर फोटो काढला, तर गाळाचा आकार चक्क उघडलेल्या पंख्यासारखा दिसला. भूगोलात यालाच पंखाकृती मैदान म्हणतात.

पंखा तयार कसा होतो?

उतारावर पाणी अरुंद वाटेने जोरात धावतं, त्यामुळे दगडही वाहून नेतं. सपाटीवर आलं की ते पसरतं आणि वेग कमी होतो. मग आधी मोठे दगड पडतात, पुढे वाळू आणि शेवटी बारीक गाळ. बिहारमध्ये कोसी नदीचा असाच पंखा १५० किलोमीटरच्या आसपास लांब आहे. आपल्याच गाळामुळे ती वारंवार पात्र बदलत आली आहे.

यावर उपाय शोधताना मी वाचत गेलो मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांबद्दल. १५ सप्टेंबरला आपण इंजिनिअर्स डेचे स्टेटस टाकतो ना, तेच.

पुण्यात शिकलेला इंजिनिअर

त्यांचा जन्म १८६१ चा, आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. घरची परिस्थिती बेताची. बंगळूरला शिकवण्या घेत घेत ते पदवीधर झाले. मग शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) आले आणि १८८३ मध्ये इंजिनिअरिंगला पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, पहिली नेमणूक नाशिकला.

नंतर त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवलं. सिंधूचं पाणी गढूळ आणि गाळण्याची यंत्रणा उभारायला पैसे अपुरे. त्यांनी नदीच्या वाळूतच विहीर घेतली. वाळूतून झिरपून पाणी स्वच्छ येऊ लागलं. म्हणजे नदीने आणून टाकलेली वाळूच फिल्टर झाली!

१९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांनी बनवलेली स्वयंचलित दारं बसली. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दारं आपोआप उघडायची, पूर ओसरला की मिटायची. ना सेन्सर, ना ॲप. फक्त वजनाचा आणि पाण्याच्या दाबाचा खेळ. धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी साधारण ८ फूट वाढली.

पूर शहरात, उपाय वरती

मला सगळ्यात भिडलं ते हैदराबादचं काम. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुरात हजारो माणसं गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी नुसत्या शहरातल्या काठांकडे पाहिलं नाही. पूर येतो कुठून, हे आधी तपासलं आणि शहराच्या वरच्या बाजूला पाणी अडवायला सांगितलं. त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले.

पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून ते गेले.

मग आमच्या रानाचं काय?

आमची चूक तिथेच कळली. आम्ही पाणी अडवत होतो तळाशी, जिथे ते सगळा माल एकदम टाकतं. आता ओघळीत वरपासून टप्प्याटप्प्याने अनगड दगडी बांध घालतोय. दगडांच्या फटींतून पाणी जातं, पण प्रत्येक बांधाशी त्याचा वेग कमी होतो आणि थोडा थोडा गाळ वरच राहतो. तीन झालेत, दोन बाकी आहेत. आप्पांना अजून पूर्ण पटलेलं नाही, पण दगड तेच रचतायत!

तुमच्याही रानात असा पंखा पडत असेल तर मोबाईलवर सॅटेलाइट नकाशा उघडा आणि पाणी कुठून येतं ते आधी बघा. माहिती कामाची वाटली तर शेतकरी मित्रांना नक्की पाठवा.