श्वासामागचा नियम शोधणारा रॉबर्ट बॉईल

हवा आत येते म्हणून छाती फुगत नाही. छाती फुगते म्हणून हवा आत येते! यामागचा नियम बॉईलचा.

१६२७ साली आयर्लंडमधल्या गडगंज घरात जन्मलेल्या बॉईलने ऑक्सफर्डला रॉबर्ट हूककडून हवेचा पंप बनवून घेतला. नळीतला पारा हवेच्या दाबाने टिकतो, हे त्याचं म्हणणं फ्रान्सिस लाइनस या पाद्र्याला पटेना. त्याच्या मते पाऱ्याला अदृश्य दोरी धरून ठेवत होती! बॉईलने वाकड्या काचनळीत पारा ओतून मोजमापं घेतली. १६६२ मध्ये उत्तर छापलं: तापमान तेच असेल, तर बंदिस्त हवेची जागा वाढली की दाब घटतो.

छातीखालचं श्वासपटल खाली सरकलं की फुफ्फुसांत हेच घडतं. दाब किंचित उतरतो, बाहेरची हवा आत शिरते.

डिसेंबर १६९१ मध्ये बहीण कॅथरीन गेली. आठवड्याभरात बॉईलही.