मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग

'पार्सर' हा शब्द ऐकला की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. लेक्स, याक, बायसन, शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट... व्हायव्हाला हमखास विचारलं जाणारं प्रकरण! पण वाक्य घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे आणि कोणता शब्द कोणाशी जोडलाय ते नियमाने सांगायचं, हे काम कॉम्प्युटर येण्याच्या शंभरावर वर्षं आधी मराठीसाठी एका माणसाने कागदावर केलं होतं. ते म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर.

मी जेऊरची. करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेलाईनवरचं स्टेशन. शिक्षण मात्र सगळं कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे मराठी व्याकरण मी मार्कांपुरतंच केलेलं. पण आम्ही चौघं हॉस्टेलमध्ये मराठी वाक्यं पार्स करणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी लिहितो, आणि तिची नवी आवृत्ती काढायच्या तयारीत दादोबांशी गाठ पडली.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईचा. त्या काळात शाळेतल्या मुलांना मराठीतून मराठी व्याकरण शिकवावं, तर हाताशी फारसं काहीच नव्हतं. विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजीत आणि साहेबांसाठी. दादोबांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केलं. वय फक्त बावीस! म्हणजे आज माझं आहे त्याहून दोनच वर्षं जास्त.

काम किती अवघड होतं ते आता कळतं. हीच तीन वाक्यं बघा. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली', 'रामाने मुलीला मारले'. कर्ता एकच, पण क्रियापद पहिल्या दोन वाक्यांत कर्माचं ऐकतं आणि तिसऱ्यात कोणाचंच ऐकत नाही. इंग्रजीचे नियम इथे चालत नाहीत, संस्कृतचे जसेच्या तसे बसत नाहीत. दादोबांपुढे नमुने होते ते याच दोन भाषांच्या व्याकरणांचे. त्यातून मराठीला पेलेल असा साचा त्यांना बनवायचा होता.

आणि खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. पुस्तक छापलं आणि संपलं, असं त्यांनी केलं नाही. १८५० मध्ये दुसरी आवृत्ती काढली, पुढेही आवृत्त्या निघत राहिल्या. १८६५ मध्ये लहान मुलांसाठी 'लघुव्याकरण' आलं. पुस्तक शाळांतून चालत होतं. अशा वेळी एक नियम बदलला की मास्तरांना शिकवणं बदलावं लागणार, मुलांना पाठांतर बदलावं लागणार. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीचा प्रश्न! शिवाय टीकाही होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शाळापत्रका'त या व्याकरणाची बारकाईने चिकित्सा केली. ते निबंध पुढे १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आले. आजच्या कुठल्याही प्रोजेक्टला असा बग रिपोर्ट लिहिणारा मिळाला तर नशीबच म्हणायचं. दादोबा मात्र शेवटपर्यंत लिहीत राहिले. १८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या मोठ्या व्याकरणाची 'पूरणिका' काढली. पहिल्या आवृत्तीनंतर पंचेचाळीस वर्षांनी! दुसऱ्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ ला ते गेले.

बाकी आयुष्यही काही साधं नव्हतं. सुरतेला हेडमास्तर असताना १८४४ मध्ये 'मानवधर्म सभा', मग मुंबईत १८४९ मध्ये जातिभेद न मानणारी गुप्त 'परमहंस सभा'. पुढे नगरला डेप्युटी कलेक्टर, रावबहादूर किताब. मोरोपंतांच्या 'केकावली'वर 'यशोदा पांडुरंगी' ही टीका. आत्मचरित्रही लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं. असो.

आता आमच्या लायब्ररीकडे येते. 'रामाने' मध्ये 'ने' दिसतो म्हणून प्रोग्रॅम कर्ता ओळखतो. पण 'मी भाकरी खाल्ली' मध्ये 'मी'ला काहीच लागत नाही, तिथे वेगळा नियम घालावा लागतो. गंमत म्हणजे जेऊरला माझी आजी 'म्या भाकर खाल्ली' असंच म्हणते. तिच्या बोलण्यात ती खूण अजून शिल्लक आहे. एकोणिसाव्या शतकातल्या छापील मराठीतही 'म्यां' सर्रास सापडतं. आमची लायब्ररी मात्र आजीच्या वाक्यावर एरर देते! ज्याला आपण गावंढळ म्हणून हसतो, ते खरं तर जुनं आणि जास्त नियमशीर रूप आहे.

यावरून आमच्यात दोन तट पडले. दोघं म्हणाले, पुस्तकी मराठी पुरे, सेमिस्टर संपायच्या आत रिलीज करू. माझं म्हणणं, आजीचं वाक्य एरर म्हणून बाहेर जाता कामा नये. शेवटी ठरलं ते असं : आवृत्ती वेळेवर निघेल, 'म्या' आणि 'त्वा' आत येतील, आणि जे अजून जमत नाही त्याची यादी पहिल्याच पानावर राहील. उरलेलं पुढच्या आवृत्तीत.

मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं, तेही दादोबांनी पाया घातलेल्या परंपरेत. पाया घालणाऱ्याचं सगळंच बरोबर असावं लागतं असं नाही. त्याने ते उघड्यावर ठेवावं, टीका ऐकावी आणि पुन्हा लिहायला बसावं. बाविसाव्या वर्षी सुरुवात करून सदुसष्टाव्या वर्षीही पुरवणी जोडणाऱ्या या माणसाला आमच्या चौघांचा मनापासून नमस्कार!