सॅम बॅरिस : पत्र्याला वळण देणारा थोरला भाऊ

१९४९ सालची मर्क्युरी मुळातच देखणी गाडी होती. महायुद्ध संपल्यावर फोर्ड कंपनीने जुने साचे बाजूला ठेवून ज्या गाड्या नव्याने घडवल्या, त्यांपैकी ही एक. गुबगुबीत अंग, दारांत मिसळून गेलेली मडगार्डे आणि बॉनेटखाली ११० अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे इंजिन. पहिल्याच हंगामात अशा सुमारे तीन लाख गाड्या विकल्या गेल्या. एवढ्या माणसांना जशीच्या तशी पसंत पडलेल्या या दोन दारी कूपेचा टप लॉस एंजेलिसजवळच्या एका पत्रा-कारागिराने करवतीने कापून उतरवला. गाडी गिऱ्हाइकाची नव्हती, त्याची स्वतःची होती. त्या कारागिराचे नाव सॅम बॅरिस.

बॅरिस हे आडनाव जगाला ठाऊक आहे ते धाकट्या भावामुळे. १९६६ साली दूरचित्रवाणीच्या पडद्यावर धावलेली बॅटमोबील तयार करणारा जॉर्ज बॅरिस तो हाच. चित्रपटसृष्टीतील तारे-तारका, मासिकांची मुखपृष्ठे, खेळण्यांच्या पेट्यांवरील सही हे सारे जॉर्जच्या वाट्याला आले. मात्र ज्या गाड्यांनी या आडनावाला प्रथम प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांच्या पत्र्यावर हात फिरला होता तो प्रामुख्याने थोरल्या सॅमचा.

दोघे भाऊ जन्मले शिकागोत, ग्रीसमधून आलेल्या कुटुंबात. सॅम १९२४ च्या सुमारास आणि जॉर्ज १९२५ साली. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि कॅलिफोर्नियातील रोझव्हिल या रेल्वेच्या गावी काका-काकूंनी त्यांना वाढवले. घरचे उपाहारगृह होते. तिथे हाताखाली राबल्याबद्दल मुलांना १९२५ सालची एक जुनी ब्यूइक मिळाली. तिच्या दुरुस्तीत आणि सजावटीत दोघांचेही हात प्रथमच तेलाने माखले. पुढे जॉर्ज शेजारच्या सॅक्रामेंटोतील गॅरेजांत घुटमळू लागला. हॅरी वेस्टरगार्ड नावाचा निष्णात कारागीर तिथे होता. त्याच्या कामावरून जॉर्ज पुष्कळ शिकला. युद्धाच्या काळात जॉर्जने लॉस एंजेलिस गाठून छोटेसे दुकान थाटले. सॅम तेव्हा नौदलात होता. १९४५ मध्ये गणवेश उतरवून तो भावाकडे आला आणि दोघांच्या कामाची वाटणी जणू आपोआप ठरली. रंग, गिऱ्हाईक आणि बोलणे जॉर्जकडे. कापणे, जोडणे आणि घासणे सॅमकडे.

त्या काळचे कॅलिफोर्निया मोटारवेड्या पोरांचे होते. युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या खिशात थोडे पैसे होते, हातांत यंत्रविद्या होती आणि शहराबाहेर मैलोन्‌मैल पसरलेली कोरड्या तळ्यांची सपाट भूमी होती. जुन्या फोर्डचा अनावश्यक भार काढून टाकायचा, इंजिन वाढवायचे आणि तळ्याच्या पात्रात ती पळवायची. हा ‘हॉट रॉड’चा मूळ धर्म. तो वेगाचा. बॅरिस बंधूंचा धर्म थोडा निराळा होता. गाडी किती धावते यापेक्षा ती उभी असताना कशी दिसते, इकडे त्यांचे लक्ष. १९४८ साली लॉस एंजेलिसमध्ये हॉट रॉडचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा त्या साऱ्या उघड्यावाघड्या शर्यतगाड्यांत जॉर्जची १९४१ सालची ब्यूइक गुळगुळीत अंगाने उभी होती. हे दोन पंथ पुढे एकमेकांत मिसळले. आज जुन्या अमेरिकन कूपेला लोक सरसकट हॉट रॉड म्हणतात, त्यात फारसे बिघडत नाही. पण सॅमचे मोठेपण कळायचे तर हा भेद ध्यानात ठेवलेला बरा.

टप उतरवणे ही कल्पना सॅमची नव्हे. १९३२ च्या फोर्डसारख्या सरळसोट गाड्यांचे टप पोरे आधीपासूनच उतरवत होती. तिथे खांब उभे आणि काचा सपाट. चारी खांबांतून काही इंच कापून काढायचे, टप खाली बसवायचा, काचा मापात छाटायच्या, की काम झाले. मर्क्युरीचे प्रकरण वेगळे होते. तिचे खांब तिरपे आणि टप मागे गोलाकार उतरत गेलेला. तो सरळ खाली आणला तर कापलेले खांब एकमेकांवर बसतच नाहीत. पुढचे खांब मागे पडतात, मागचे पुढे सरकतात. शिवाय मागची काच वक्र. ती कापायला जावे तर तडकणार. म्हणून सॅमने मागची काच न छाटता पुढच्या बाजूला निजवली. तिच्यासाठी टपाचा मागचा भाग अधिक खाली आणला आणि तो डिकीपर्यंत वाहत जाईल असा नवा पत्रा घडवून बसवला. एका ठिकाणचा कोन बदलला की त्याच्या शेजारचे तीन बदलतात. कागदावर आराखडा करून हे सुटत नाही. उभे राहून, चार पावले मागे जाऊन, डोळे बारीक करून पाहावे लागते, आणि चुकले तर पुन्हा कापावे लागते.

जोड भरायचा तो शिशाने. आजच्यासारखी डब्यातली पुट्टी तेव्हा नव्हती. आपल्याकडे कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून कथील फिरवीत असे, तसाच हा प्रकार. पत्रा आधी घासून चकचकीत करायचा, त्यावर पातळ कल्हई चढवायची आणि मग ज्योतीने मऊ केलेले शिसे लाकडी थापीने लोण्यासारखे पसरायचे. आच कमी पडली तर शिसे धरत नाही, जास्त झाली तर ओघळून जमिनीवर पडते आणि भोवतीचा पत्राही वाकतो. शेवटी कानस. या शिशाच्या भारामुळेच अशा गाड्यांना पुढे ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, असे थट्टेचे नाव पडले. सॅमच्या कामाची वाखाणणी होई ती मात्र जिथे शिसे कमी लागले तिथे. पत्राच इतका नेमका जुळवायचा की भरायला फार उरू नये, ही त्याची रीत.

टप उतरवलेल्या अगदी पहिल्या मर्क्युऱ्यांमध्ये सॅमच्या गाडीची गणना होते. १९५१ च्या सुमारास ती मोटारींच्या मासिकांत झळकली आणि जे अशक्य मानले जात होते ते सर्वांनाच हवेसे वाटू लागले. अंग तेच, पण कपाळ खाली आल्यामुळे गाडी एकदम गंभीर, काहीशी धोकादायक दिसू लागली. बॅरिस बंधू तेव्हा लिनवुड येथील मोठ्या जागेत काम करू लागले होते. तिथे बॉब हिरोहाता हा तरुण आपली १९५१ सालची मर्क्युरी घेऊन आला. ज्या युद्धात सॅम नौदलात होता, त्याच युद्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या कुटुंबांना छावण्यांत डांबले गेले होते. त्याला दहा वर्षे होतात न होतात तोच एका जपानी वंशाच्या तरुणाची गाडी त्या किनाऱ्यावरची सर्वांत गाजलेली गाडी ठरली, हा योगायोग लहान नाही.

सॅमने आणि दुकानातील सहकाऱ्यांनी तिचा टप पुढून चार इंच आणि मागून सात इंच उतरवला. दारामागचा मधला खांब काढूनच टाकला आणि खिडकीच्या वरच्या रेषेला अखंड वळण दिले. बाजूला १९५२ च्या ब्यूइकची चकचकीत पट्टी बसवली आणि तिच्या वरखाली हिरव्याच्या दोन छटा. १९५२ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमधील मोटोरामा प्रदर्शनात ती मांडली गेली, तेव्हा भोवतीची गर्दी हटेना. पुढल्या वर्षी हिरोहाताने तिच्यात कॅडिलॅकचे जोरकस इंजिन बसवले आणि अर्धी अमेरिका ओलांडून ती इंडियानापोलिसपर्यंत चालवत नेली. नुसती मिरवायची गाडी म्हणून तिला हिणवणाऱ्यांना त्याहून चोख उत्तर नव्हते.

१९५५ मध्ये ‘रेबेल विदाउट अ कॉज’ या चित्रपटात जेम्स डीन १९४९ ची मर्क्युरी चालवताना दिसला आणि बंडखोर तरुणाची गाडी म्हणून ती कायमची ठरून गेली. अनेकांना त्या गाडीचा टप उतरवलेला आठवतो. प्रत्यक्षात तो कंपनीतून आला तसाच होता. प्रेक्षकांच्या स्मरणात सॅमची रेषा इतकी मुरली की त्यांनी मनातल्या मनात डीनच्या गाडीचाही टप कापून टाकला.

या प्रसिद्धीत जॉर्जचा वाटा नाकारणे अन्यायाचे होईल. त्याने कॅमेरा हाती घेतला, मासिकांत लेख लिहिले, ‘कस्टम’ या शब्दाचे स्पेलिंग बदलून त्याची खूण बनवली. त्याने छायाचित्रे काढली नसती तर सॅमचे काम लिनवुडच्या एका गल्लीपुरते उरले असते. परंतु दुकान जसजसे चित्रपटसृष्टीकडे झुकू लागले, तसे सॅमचे मन त्यात रमेना. तो संसारी माणूस होता. १९५६ च्या सुमारास, धंदा ऐन भरात असताना, त्याने दुकान भावावर सोपवले आणि बायकामुलांसह उत्तरेला, सॅक्रामेंटोजवळच्या कारमायकेल येथे बिऱ्हाड हलवले. बालपणीचे रोझव्हिल तिथून हाकेच्या अंतरावर. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९५७ मध्ये, लिनवुडच्या दुकानाला आग लागली आणि आतल्या कित्येक गाड्या जळाल्या. सॅम तेव्हा तिथे नव्हता.

१९६७ मध्ये कर्करोगाने सॅमचा मृत्यू झाला. चाळिशी ओलांडून त्याला जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती. बॅटमोबील छोट्या पडद्यावर नुकतीच घराघरांत पोहोचली होती आणि बॅरिस हे नाव शाळकरी मुलांच्याही तोंडी होते. जॉर्ज त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे जगला. २०१५ मध्ये नव्वदीच्या उंबरठ्यावर तो गेला.

हिरोहाताची मर्क्युरी मधल्या काळात विकली गेली. १९५९ मध्ये एका शाळकरी पोराने ती ५०० डॉलरांना घेतली. ती वर्षानुवर्षे धूळ खात पडून होती, पण त्याने ती मोडीत काढली नाही. पुढे त्यानेच ती मूळच्या हिरव्या रंगांत पुन्हा उभी केली. जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिला वीस लाख डॉलरांच्या आसपास किंमत आली. मंचावर ती आली तेव्हा तिच्या खिडकीवरची ती अखंड रेषा सत्तर वर्षांपूर्वी होती तिथेच होती.